भूल उतरल्यानंतरची रात्र

चाकणच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीच्या कामगाराचा हात पॉवर प्रेसमध्ये सापडतो, तेव्हा अनेकदा त्याचे जेवण नुकतेच झालेले असते. भूलतज्ज्ञाच्या दृष्टीने ही गोष्ट जखमेइतकीच महत्त्वाची. भरल्या पोटी पूर्ण भूल दिली, तर अन्न उलटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. शिवाय पूर्ण भुलीसोबत सहसा फेंटॅनिलसारखे अफूवर्गीय वेदनाशामक दिले जाते. त्याने वेदना आटोक्यात राहतात. पण मळमळ, उलट्या, गुंगी, बद्धकोष्ठ आणि मंदावणारा श्वास हे त्याचे परिणामही रुग्णाच्या वाट्याला येतात.

यातूनच ‘अफूवर्गीय औषधांविना भूल’ ही कल्पना पुढे आली. डेक्समेडेटोमिडिन, केटामिन, लिग्नोकेन, मॅग्नेशियम यांची थोडी थोडी मात्रा एकत्र वापरून काम भागवायचे, असे तिचे स्वरूप. उलट्या कमी होतात, हा तिचा लाभ खरा. मात्र, ती सरसकट सुरक्षित आहे असे नाही. फ्रान्समधील ‘पोफा’ चाचणीत डेक्समेडेटोमिडिन दिलेल्या काही रुग्णांच्या हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या मंदावले आणि चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. एक औषध वगळून चार नवी देणे म्हणजे आपोआप सुधारणा नव्हे, हा त्याचा धडा.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यापुरते बोलायचे, तर उत्तर अधिक सोपे आहे. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतील अपघातांत बोटे आणि पंजा यांना वारंवार इजा होते. हाताकडे जाणाऱ्या सगळ्या नसा मान आणि काखेच्या दरम्यान एका जुडग्यात असतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत तिथे बधिरतेचे औषध सोडले, की अख्खा हात काही तास बधिर होतो. याला ‘नर्व्ह ब्लॉक’ म्हणतात. रुग्ण जागा राहतो, त्याचा श्वास त्याचाच चालतो, अफूवर्गीय औषध बहुधा लागत नाही. हातातील रक्तवाहिन्या रुंदावतात, हा जोडलेल्या बोटाला मिळणारा आणखी एक फायदा. शस्त्रक्रियेनंतर लवकर चहा-नाश्ता घेता येतो.

पण ब्लॉकलाही पथ्ये आहेत. हात बधिर करण्यापूर्वी बोटांची संवेदना आणि हालचाल तपासून नोंदवायला हवी. नाहीतर नस अपघातात दुखावली की नंतर, हे कळत नाही. चेंगरलेल्या हातात आतून दाब वाढू लागला, तर वेदना हा पहिला इशारा असतो आणि ब्लॉक तोच झाकू शकतो. म्हणून शल्यचिकित्सक व भूलतज्ज्ञ यांचे आधी बोलणे झाले पाहिजे.

खरी कसोटी त्यानंतर लागते. ब्लॉकचा असर बहुधा रात्री ओसरतो आणि दडून असलेली वेदना एकदम उसळते. त्याआधीच पॅरासिटामॉल आणि मूत्रपिंड व पोट ठीक असल्यास सूज कमी करणारी गोळी सुरू झालेली असावी. वॉर्डातील परिचारिकेने तापमान आणि रक्तदाबाबरोबर शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर वेदनाही लिहावी. वेदना सुसह्य असेल, तर डॉक्टर परवानगी देतील तेव्हा रुग्ण बोटे हलवतो; ती हलली नाहीत, तर सांधे आखडतात. कामगार राज्य विमा योजनेत नाव असलेल्याला अपघाताच्या रजेत सरासरी वेतनाच्या ९० टक्के भत्ता मिळतो. नाव नसलेल्या कंत्राटी कामगाराला आखडलेल्या बोटाची किंमत रोजच्या मजुरीत मोजावी लागते.

‘अफूवर्गीय औषध नको’ ही घोषणा मात्र वेदना सोसायला लावण्याची सबब ठरू नये. अमेरिकेत ही औषधे अतिरेकी वापरली गेली. भारतात प्रश्न उलटा आहे. इथे परवान्याने अफू पिकते, तरी १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकाने असंख्य रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. २०१४ मध्ये कायदा सुधारून नियम सुटसुटीत केले गेले; भीती मात्र अजून पुरती गेलेली नाही. ब्लॉक अपुरा पडला, तर मोजून दिलेले मॉर्फिन हा रुग्णाचा हक्कच आहे.

आणखी एक अडसर यंत्राचा. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी १९९४ चा कायदा आवश्यकच आहे. पण नस शोधण्यासाठी आणलेल्या सोनोग्राफी यंत्रालाही त्याखाली नोंदणी लागते आणि ते हवे तिथे हलवता येत नाही. छोट्या रुग्णालयाला ही वाट लांबची वाटते. नोंदणीत ढिलाई न करता ती वेळेत व्हावी, एवढे प्रशासन करू शकते.

पट्ट्यातील सार्वजनिक रुग्णालयांत हातावरच्या शस्त्रक्रियेसाठी ब्लॉक हा पहिला पर्याय असावा, पहिल्या रात्रीची वेदना कागदावर यावी आणि मॉर्फिन कपाटात असावे. यासाठी नवे संशोधन लागत नाही. प्रेसवर सेन्सर बसवून हात वाचवणे हे तर याआधीचे काम आहेच.