चार चाकांचा बैल

आमच्या बुऱ्हाणपूरला नकलेचं वावडं नाही. मुमताजने 1631 साली इथेच प्राण सोडला. तापीपलीकडच्या आहुखान्यात तिला आधी पुरलं, मग आग्र्याला नेलं. ताजमहाल तिकडे झाला आणि गावाकडे आठवण उरली. 2021 मध्ये इथल्याच एका गृहस्थांनी पत्नीसाठी धाकट्या ताजमहालासारखं घर बांधलं. त्यावर हसणाऱ्यांनी हे मागचं देणं लक्षात घ्यावं.

मला मात्र नकलेची गोडी लागली ती नागपुरात. पोळ्याला आम्ही भुसावळमार्गे मामांकडे जायचो, कारण दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असे. लाकडी बैल, पायांखाली फळी, फळीला चार चाकं आणि ओढायला दोरी. शिंगांना बेगड लावायची की रंग द्यायचा, यावर आम्हा मामेभावंडांचं आदल्या रात्री भांडण ठरलेलं. मामा म्हणायचे, “शिंगं राहू द्या, आधी चाकांना तेल घाला!” सकाळी तोरणाखाली बैलांची रांग लागे. मग घरोघरी जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायचा. माझ्या बैलाचं एक चाक दरवर्षी निखळे. बक्षीस कधी मिळालं नाही, पण वर्षभर वाट त्याच दिवसाची पाहिली.

ही प्रथा दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी 1806 साली सुरू केली, असं नागपूरकर सांगतात. त्याआधीची तीन वर्षं आठवावीत. ऑक्टोबर 1803 मध्ये इंग्रजांनी रघूजींच्या बाजूने लढणाऱ्या शिंद्यांचं बुऱ्हाणपूर आणि पाठोपाठ अशीरगड घेतला. 29 नोव्हेंबरला भोसल्यांच्या फौजेने अडगावची लढाई गमावली. 17 डिसेंबरच्या देवगावच्या तहाने रघूजींचं कटक गेलं, वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाडही गेला. तहाचा आणि तान्ह्या पोळ्याचा संबंध जोडायला माझ्याकडे पुरावा नाही. एवढं खरं की ज्या राजवटीच्या हातून वऱ्हाडाची काळी माती गेली, तिच्याच नावावर पोरांच्या हातातला हा बैल जमा आहे.

नकलेची हौस आपल्यापुरतीच नाही. अमेरिकेत कॅरोल शेल्बीने 1962 मध्ये एसी या इंग्रजी कंपनीच्या गाडीत फोर्डचं इंजिन बसवून ‘कोब्रा’ घडवली. मूळ गाड्या जेमतेम हजाराच्या आसपास निघाल्या. फायबरच्या अंगाच्या प्रतिकृती मात्र त्याच्या कितीतरी पट आहेत. हौशी माणसं त्या घरच्या गॅरेजात जुळवतात आणि वर्षातून एकदा मैदानात आणून उभ्या करतात. दिवसभर बॉनेट उघडी ठेवून गप्पा चालतात. अस्सल गाडी परवडत नाही, पण तिचा आवाज ज्यांना ओळखता येतो अशांचा तो मेळा असतो.

तान्ह्या पोळ्यातही तीच ओळख होती. मामांनी स्वतः औत धरलं होतं. लाकडी बैलाची मान जरा वर झाली तरी “हा जुवाखाली कसा येईल?” असं ते विचारत. आज शेतात ट्रॅक्टर आहे, आणि लाकडी बैल दरवर्षी अधिक सजतो आहे. नक्कल टिकल्याचं मला दुःख नाही. तिची चूक काढणारा माणूस उद्या रांगेत नसेल, ही काळजी आहे.

म्हणून आयोजकांना एक सुचवतो. पुढच्या तान्ह्या पोळ्याला तोरणाखाली एक खरी जोडी आणि तिचा धनी बोलवा. बक्षिसाचा निवाडा त्यालाच करू द्या. पोरांना त्या जोडीच्या खांद्यावरचा घट्टा हाताने चाचपू द्या. लाकडावर तो कुणीच कोरत नाही.