सरकून घे जरा

सिद्धेश्वर एक्सप्रेसने सोलापूरहून ठाण्याला येऊन आज तीन आठवडे झाले. आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षी एक सत्र इंटर्नशिपला असतं. ऑफिस मिळालं फोर्टात, राहायची सोय झाली ठाण्यात. 16 एप्रिल 1853 रोजी देशातली पहिली प्रवासी रेल्वे बोरीबंदरहून ठाण्याला आली होती. तेच 34 किलोमीटर मी रोज सकाळी उलट्या दिशेने जाते. सात रस्त्यावरून जुळे सोलापूरला जायचं म्हटलं तरी आमच्याकडे 'एवढ्या लांब?' असं विचारतात.

पहिल्या दिवशी दोन लोकल डोळ्यांदेखत सोडल्या. तिसरीला मागून कुणीतरी पाठीवर हात ठेवला आणि मी लेडीज डब्यात पोचले. आत उभी असलेली प्रत्येक जण बसलेलीला विचारत होती, "कुठे?" उत्तर येई, "घाटकोपर," "दादर." एवढ्यावर जागा ठरत होती. घाटकोपर आलं, बाई उठल्या आणि जिने आधी विचारलं होतं तीच तिथे बसली. मध्ये कुणीही घुसलं नाही. अनोळखी बायकांनी एका शब्दावर ठेवलेला हा विश्वास मी पाहत राहिले. तेवढ्यात खिडकीकडच्या मावशी शेजारणीला म्हणाल्या, "सरकून घे गं जरा, पोरगी नवीन दिसतेय." तिघींच्या बाकावर चौथी जागा झाली.

बसलेल्या माणसाला किती सेंटिमीटर रुंदी लागते, हे मी पाठ केलं आहे. त्या हिशेबात मला त्या बाकावर जागा नव्हती. ती तिघींनी मिळून केली.

शेवटचं स्टेशन छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सची ही इमारत 2004 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. परीक्षेत तिचा घुमट मी काढला होता, पण पहिले तीन दिवस मान वर करायलाही जमलं नाही, गर्दीच सरळ रस्त्यापर्यंत घेऊन जायची. चौथ्या दिवशी धीर करून थांबले, वर पाहिलं. कोरीव दगडांतली पानं-फुलं, प्राणी, कमानी. मी वाटेतच उभी होते, तरी एकाचाही धक्का लागला नाही. माणसं दोन्ही अंगांनी वळून जात होती.

या शहरात जागा नाही, असं निघताना सगळ्यांनी बजावलं होतं. जमीन कमी आहे, हे खरंच आहे. पण जागा देण्याची सवय इथे रोज सकाळी गच्च भरलेल्या डब्यातही मोडत नाही, आणि परक्या गावातून आलेल्या मुलीला तिचा केवढा आधार वाटतो!

परवा ऑफिसात मला एका दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षाचं काम मिळालं. बाकावर तीन जागा आखून मी त्यांच्या मध्ये आणि दोन्ही टोकांना हात टेकायच्या दांड्या काढल्या होत्या. संध्याकाळी परतीच्या गाडीत चौथ्या सीटवर बसले असताना ते चित्र आठवलं. दुसऱ्या दिवशी गेल्या गेल्या मधल्या दांड्या पुसल्या, फक्त दोन टोकांच्या ठेवल्या. आधाराला तेवढ्या पुरतात. मधे कुणाला तरी सरकून घेता आलं पाहिजे.