इनडायरेक्ट नॅरेशन आणि काळाची निवड

इंग्रजी व्याकरणाच्या तासाला 'इनडायरेक्ट नॅरेशन' हें प्रकरण निघालें कीं, आम्हां विद्यार्थ्यांच्या तोंडून एकच नियम बाहेर पडतो: 'सेड' आलें कीं वर्तमानकाळाचा भूतकाळ करावा. हा नियम खोटा आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु अर्थाकडे न पाहतां तो यंत्राप्रमाणें चालविला जातो व परीक्षेंतही तसाच तपासला जातो, हें आम्हांस उचित वाटत नाहीं.

अडचणीचें मूळ दोन भाषांच्या भिन्न रीतींत आहे. 'राम म्हणाला कीं, मी आजारी आहें' या वाक्यांत मराठी भाषा रामाचे शब्द जसेच्या तसे पुढें ठेवते. पुरुषही बदलत नाहीं, काळही बदलत नाहीं. इंग्रजींत सांगणारा स्वतःच्या जागेवर उभा राहून बोलतो. त्याच्या दृष्टीनें रामाचें बोलणें मागें पडलें, म्हणून 'ही सेड दॅट ही वॉज इल' असें होतें. आमच्यापैकीं एखादा घाईनें 'ही सेड दॅट आय ॲम इल' असें लिहितो, तेव्हां आजार रामाचा न राहतां लिहिणाराचा होतो! उलट, त्या इंग्रजी वाक्याचें 'तो आजारी होता असें तो म्हणाला' असें भाषांतर केल्यास, रामाचा आजार बोलण्यापूर्वींच बरा झाला होता, असें मराठी वाचक समजतो.

तथापि सर्वत्र भूतकाळच योग्य असेंही नाहीं. सार्वकालिक सत्य सांगतांना वर्तमानकाळ राहूं द्यावा, हा अपवाद रेन व मार्टिन यांच्या व्याकरणांतही आहे. पृथ्वी सूर्याभोंवतीं फिरते हें कोपर्निकसाचें मत १५४३ सालच्या त्याच्या ग्रंथांत आलें. तें सांगतांना 'मूव्ह्ज' खुशाल म्हणावें. टॉलेमी पृथ्वीस स्थिर मानीत असे. त्याचें मत सांगतांना 'इज' लिहिलें, तर ती चूक आपणही पदरीं घेतल्यासारखें होईल. तेथें 'वॉज'च हवें. तात्पर्य, वर्तमानकाळ ठेवणें म्हणजे 'हें आजही खरें आहे' अशी हमी देणें होय.

हाच न्याय नित्य व्यवहारास लागू आहे. विहिरीचें पाणी पिण्याजोगें नाहीं, असें डॉक्टर काल म्हणाले. आज विहीर उपसून स्वच्छ झाली असेल, तर 'वॉज नॉट' लिहावें. पाणी अजून तसेंच असेल, तर 'इज नॉट' हेंच ऐकणारास सावध करील. तसेंच 'उद्यां सुटी आहे' हें गुरुजींचें सकाळचें बोलणें त्याच सायंकाळीं घरीं सांगावयाचें असतां 'टुमॉरो' बदलून 'द नेक्स्ट डे' करण्याचें प्रयोजन काय? आठवड्यानें सांगावयाचें असेल, तर तो बदल अवश्य करावा.

यावर कोणी म्हणेल, मुलांस निवड दिली कीं गोंधळ माजेल. आधीं नियम पक्का होऊं द्या. खालच्या वर्गांपुरतें हें आम्हांस मान्य आहे. परंतु वरच्या वर्गांत तरी कोण, कोणास व केव्हां सांगत आहे, एवढें प्रश्नांत दिलें जावें, आणि अर्थास धरून ठेवलेल्या वर्तमानकाळाबद्दल गुण कापूं नयेत, एवढीच आमची विनंती आहे.

दुसऱ्याचें बोलणें सांगणें ही एक प्रकारची साक्षच आहे. खोटी साक्ष देऊं नये, ही आज्ञा आम्ही शाळेंत वारंवार ऐकतों. व्याकरणाच्या वहींतही ती पाळण्याची संवय आम्हांस लागो.