गवत नसलेले गवत

दिवाळी अंकात फराळावर लिहावे, रांगोळीवर लिहावे, अशी रीत आहे. मी मात्र यंदा गाजरगवतावर लिहिणार आहे. आणि गंमत अशी की, ते गवतच नव्हे! पाने गाजराच्या पाल्यासारखी खरी, पण कूळ सूर्यफुलाचे.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे २०२३ पर्यंतच्या औरंगाबादेत, मृगाचा पाऊस पडला की ते उगवते. पाडलेल्या घराची जागा, नळासाठी उकरलेला रस्ता, पडीक वावर, बांध. माणसाने जमीन उकरून सोडली की हे तिथे हजर. शेंड्यावर बारीक पांढरी फुले, म्हणून 'चटकचांदणी' हेही त्याचेच नाव. वैऱ्याला इतके देखणे नाव देणारी भाषा उदार म्हणावी की बेसावध?

'काँग्रेस गवत' या नावामागची कथा वाचकांना पाठ असेलच. अमेरिकेच्या 'पीएल-४८०' गव्हातून ते आले म्हणे. पण तो करार आपल्याशी झाला ऑगस्ट १९५६ मध्ये, आणि पुण्यात हे झाड आढळले १९५५ साली! १९५१ मध्येही अमेरिकेचा गहू आला होता, तेव्हा गहू अगदीच निर्दोष सुटत नाही. तथापि रॉक्सबर्गने केलेल्या कलकत्त्याच्या बागेच्या १८१४ सालच्या यादीतही याचे नाव आहे. बी कोठूनही येवो, त्याला जागा आपणच दिली.

हा शब्दांचा खेळ वाटेल, पण माझ्या एका विद्यार्थ्याची आई फुलंब्रीकडे रोजाने खुरपणीला जाते. हात भेगाळलेले, मान काळवंडलेली, पापण्या सुजलेल्या. मी तणाविषयी विचारले, तर हसून म्हणाली, "सर, गवताला काय भ्यायचं?" या झाडातले पार्थेनिन नावाचे द्रव्य कातडीला बाधते, परागाने कित्येकांना दमा होतो. एकदा कातडीने त्याचा राग धरला की पुन्हा पुन्हा उठते. 'गवत' म्हटल्याने ती बाई उघड्या हाताने उपटत राहिली.

एका झाडाला दहा ते पंचवीस हजार बिया. म्हणून फुलापूर्वी उपटावे; तेव्हाच त्याचे कंपोस्टही बिनधोक होते. मेक्सिकोहून आणलेला एक भुंगा १९८४ पासून आपल्याकडे सोडतात. परभणीच्या कृषी विद्यापीठातूनही तो शेतकऱ्यांना मिळत आला आहे. पावसाळ्यात तो पाने फस्त करतो, आणि पाऊस सरला की मातीत दडी मारतो. टाकळा दाट वाढला तरी हे मागे हटते. आमचे कॉलेज १६ ते २२ ऑगस्टचा निर्मूलन सप्ताह पाळते. मुले उत्साहाने उपटतात, फोटो काढतात. पण जूनमध्ये उगवलेले झाड तोवर फुलून गेलेले असते. माझ्या मते सप्ताह जुलैत हवा.

त्या विद्यार्थ्याने आईला रबरी हातमोजे नेऊन दिले. त्यांत खुरपे निसटते, काम मागे पडते, आणि मुकादम बोलतो. आता ती जुन्या लुगड्याच्या चिंध्या मनगटापर्यंत गुंडाळून जाते. घरी बसली तर रोज बुडतो.