पंप वाढवू नका, पाणी तपासा

नारायणगावच्या एखाद्या द्राक्षबागायतदाराला विचारा. विहिरीच्या पाण्यातील क्षारांनी ठिबकचे ड्रिपर बुजतात व ते आम्लाने धुवावे लागतात, हे तो सांगेल. कारखान्यात पाण्यातील क्षार वेगळे करणाऱ्या पटलाचे दुखणेही तेच.

जुन्नर-आंबेगावचा खडक बेसाल्टचा. त्यातून झिरपणाऱ्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट असते. आता गणित करा. १०० लिटर पाणी दाबाने पटलावर सोडले आणि ७५ लिटर शुद्ध पाणी पलीकडे काढले. जवळजवळ सगळे क्षार अलीकडच्या २५ लिटरांत उरले, म्हणजे चौपट दाट झाले! पटलाला लगटून तर त्याहूनही दाट. कॅल्शियम कार्बोनेटचा थर बसतो तो तिथेच. ९० लिटर काढू म्हणाल, तर दाटी दसपट.

पाणी कमी येऊ लागले की पंपाचा दाब वाढवतात. मला हा शुद्ध अडाणीपणा वाटतो. जास्त दाबाने क्षार पटलाकडे अधिकच रेटले जातात. विजेचे बिल वाढते ते निराळेच. जंतूंचा बुळबुळीत थर आणखी चिवट. क्लोरीन घालावे, तर हल्लीचे पॉलिअमाइडचे पटल क्लोरीननेच खराब होते!

पैसा खर्चायचा तो आधीच्या गाळणीवर व पाण्याच्या परीक्षणावर खर्चावा. शिक्षकांनी एखादे बाद पटल कापून वर्गात पसरावे. पांढऱ्या थरावर सौम्य आम्लाचे थेंब टाका. फसफसले, तर कार्बोनेट. नाही फसफसले, तर सिलिका किंवा जिप्समचा संशय घ्या. तिथे आम्लाची मात्रा चालत नाही.