वाहिनीचे आभार कशाला?

मराठी सिनेमाला टीव्हीने वाचवलं, असं म्हणायची फॅशन आहे. अर्धं खरंही आहे. १ जानेवारी २०१०ला आलेला ‘नटरंग’ झी टॉकीजची निर्मिती होता. ‘सैराट’ही झीचाच. आपल्या आयांना त्या सिनेमांची गाणी पाठ झाली, कारण दोन मालिकांच्या मधे ती दिवसभर वाजत होती. असली ताकद सुट्या निर्मात्याकडे कुठून येणार?

माझं भांडण त्यानंतरच्या टाळ्यांशी आहे. ‘सैराट’ २०१६चा; त्याच्या शंभर कोटींचं कौतुक अजून संपलेलं नाही. पण नागराज मंजुळेंचा पहिला मोठा सिनेमा ‘फँड्री’. दिग्दर्शक नवा, गोष्ट डुकरं पकडणाऱ्या घरातल्या पोराची. तेव्हा खिशात हात घातला तो नवलाखा आर्ट्स आणि होली बेसिल यांनी. ‘कोर्ट’ला पैसे लावले विवेक गोम्बर या नटाने, मदत आली रॉटरडॅमच्या ह्यूबर्ट बाल्स फंडाची. राष्ट्रीय पुरस्कारांत तो वर्षातला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. रोहन कानवडेंच्या ‘साबर बोंडं’ला २०२५मध्ये सनडान्सचा मोठा पुरस्कार मिळाला, ती भारत, ब्रिटन आणि कॅनडाची सहनिर्मिती. गावाकडच्या मराठी गोष्टीसाठी परदेशात हात पसरावा लागतो आणि मराठी माणसाच्या डोळ्यांवर वर्षानुवर्षं जाहिराती विकणाऱ्या वाहिन्या त्या यादीत नसतात. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत, टेस्टिंग दुसऱ्याने करायचं, रिलीज यांनी.

‘टीव्ही कंपनी म्हणजे काय धर्मशाळा आहे का?’ हा प्रश्न येणारच. म्हणून ब्रिटनकडे बघू. तिथली चॅनल फोर १९८२ साली सुरू झाली आणि पहिल्या दिवसापासून सिनेमात पैसे घालतेय. मालकी जनतेची, पण कमाई मुख्यतः जाहिरातींची, म्हणजे आपल्या वाहिन्यांसारखीच. तिच्या फिल्म फोरने डॅनी बॉयलच्या पहिल्या सिनेमाला, ‘शॅलो ग्रेव्ह’ला पैसे दिले. मग ‘ट्रेनस्पॉटिंग’, आणि २००८मध्ये ‘स्लमडॉग मिलियनेर’. स्टीव्ह मॅक्वीनचा पहिला ‘हंगर’ही त्यांचाच. २००२मध्ये सिनेमाचा धंदा इतका तोट्यात गेला की वेगळी कंपनी गुंडाळावी लागली, तरी पैसे घालणं थांबलं नाही. हे काही गोऱ्यांचं मोठं मन नव्हे. नवं आणि वेगळं दाखवायचं ही त्या वाहिनीवर कायद्याने टाकलेली जबाबदारी आहे.

आणि हे आपल्याला परकं होतं असंही नाही. १९८८च्या ‘सलाम बॉम्बे’त चॅनल फोरबरोबर एनएफडीसी आणि दूरदर्शनचेही पैसे होते. अमोल पालेकरांचा ‘बनगरवाडी’ एनएफडीसी आणि दूरदर्शनने मिळून केला. माणदेशातल्या धनगरवाडीवरचा सिनेमा, सरकारी टीव्हीच्या पैशातून! आज सह्याद्री वाहिनीकडून अशी अपेक्षा कुणी ठेवत नाही, आणि मला राग याचाच जास्त आहे.

मी वाशिंदचा. आमच्या शहापूर तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे. पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात आमच्याच पाड्यांवर टँकर येतात. गोष्टींचंही तेच झालंय. पुण्या-मुंबईच्या ऑफिसांना गावाकडची गोष्ट हवी असते, पण ती सांगणारा माणूस आधी गाजलेला हवा. मुरबाडच्या वीटभट्टीवर मोठी झालेली कातकरी मुलगी आज मोबाइलवर शूट करू शकते, एडिटही करू शकते. पण तिची पटकथा घेऊन जायचं कुठे? कसारा लोकल पकडून कोणत्या दारात उभं राहायचं?

राज्य सरकारचं अनुदान आहे, पण ते सिनेमा पूर्ण झाल्यावर, परीक्षण होऊन मिळतं. तोवर कर्ज कुणी काढायचं? ज्याच्या बापाची जमीन आहे त्याने.

म्हणून सह्याद्रीने दर वर्षी पाच पहिले सिनेमे पटकथेच्या टप्प्यावर निवडावेत आणि पैसे शूटिंगच्या आधी द्यावेत. महाराष्ट्रातून जाहिराती कमावणाऱ्या प्रत्येक खासगी वाहिनीने त्या निधीत ठरावीक वाटा घालावा, मर्जीने नव्हे, नियमाने. पाचातले तीन पडतील. पडू देत, मालिकाही पडतातच की. आणि काही वर्षांनी सिनेमाचे हक्क बनवणाऱ्याकडे परत यावेत, हे करारात पहिल्याच पानावर लिहिलेलं असावं.