तिसऱ्या दिवशी कोण विचारतं?

शाळा एका दिवसात सुटत नाही. आधी सोमवार बुडतो, मग बाजाराचा दिवस, मग सहामाहीतला गणिताचा पेपर. पटावर नाव असतं, बाकावर मूल नसतं. दिवाळीनंतर ते येतच नाही आणि आपण म्हणतो, ‘त्याला शिक्षणाची आवडच नव्हती.’

रॉबर्ट बाल्फान्झ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या फिलाडेल्फियामधल्या सहावीच्या मुलांचा अनेक वर्षं माग ठेवला. २००७ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष साधा आहे. सहावीत ज्यांची हजेरी ८० टक्क्यांच्या पुढे गेली नाही किंवा जी गणितात नापास झाली, त्यातल्या बहुतेकांना शाळा वेळेत पूर्ण करता आली नाही. गळतीची खूण हजेरीपटावर कितीतरी आधी उमटते.

शिरवळमध्ये ती वाचणं जास्त निकडीचं आहे. महामार्ग दारात, औद्योगिक वसाहत लगत, कामासाठी येऊन भाड्याच्या खोल्यांत राहणारी कुटुंबं. शिक्षण हक्क कायद्याचं छत्र १४ वर्षांपर्यंत, म्हणजे साधारण आठवीपर्यंत. नववीत मूल कायद्याच्या छत्राबाहेर येतं आणि त्याच वेळी हातात रोज पैसे देणारं काम समोर दिसतं. घरात चणचण असेल तर ‘शिक, मोठा हो’ या उपदेशाला काय किंमत?

त्यात शरीराचा भाग असतो, तो आपण विसरतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. दम लागणारी, लक्ष न लागणारी मुलगी ‘आळशी’ ठरते. फळा नीट न दिसणारा मुलगा ‘मठ्ठ’ ठरतो. पाळीच्या दिवसांत स्वच्छतागृहात पाणी नसेल तर महिन्याला दोन-तीन दिवस हमखास बुडतात. वर्षभराचा हिशेब तुम्हीच करा.

म्हणून मार्गदर्शक म्हणजे भाषण देणारा नव्हे, कारण शोधणारा माणूस. मिनेसोटा विद्यापीठात १९९० मध्ये सुरू झालेल्या ‘चेक अँड कनेक्ट’ उपक्रमात एकच मार्गदर्शक किमान दोन वर्षं त्याच मुलाची हजेरी आणि गुण पाहतो, घरच्यांशी बोलतो. माझ्या मते खरं औषध त्या दोन वर्षांत आहे. एका दिवसाची शिबिरं भरवून फोटो काढणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आपल्याकडे ‘बालरक्षक’ शिक्षक शाळाबाह्य मुलांना परत आणतात. पण सगळं शिक्षकांवरच का? निवडणूक, पोषण आहार, ऑनलाइन माहिती यांतून त्यांना उसंत कुठे! शिरवळमध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, कारखान्यांत शिकलेले तरुण आहेत, निवृत्त मंडळी आहेत. एकेकाने दोन मुलं घ्यावीत. भेट शाळेतच, उघड्या दारात, पालकांना सांगून. ही अट मात्र पक्की हवी. सावित्रीबाईंचं नायगाव याच खंडाळा तालुक्यात आहे. ३ जानेवारीला हार घालणाऱ्यांची तिथे वाण नसते, त्यांच्यातलेच काही सापडतील.

जूनमध्ये नववीच्या प्रत्येक तुकडीतली सर्वांत कमी हजेरीची पाच-सहा नावं काढा. त्यांचे डोळे आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. आणि सलग तिसऱ्या गैरहजेरीच्या संध्याकाळी कुणीतरी घरी जाऊन विचारा, ‘काय झालं रे, बरं नाही का?’